बंब सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण शाळेत पहिल्यांदा कानावर पडली, तेव्हा रामेश्वर आणि सोमेश्वर ही आमच्या परभणी जिल्ह्यातलीच दोन गावे असावीत अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. एक जिंतूरच्या अंगाला, दुसरे गंगाखेडच्या. मधे रेल्वेचे फाटक. फाटक अर्थातच बंद. एवढे गृहीत धरले की म्हणीचा अर्थ आपोआप लागत असे.

बंब या शब्दाने मात्र मला बरेच दिवस छळले. आमच्या घरी बंब होता तो तांब्याचा, न्हाणीघराच्या दाराशी उभा. पोटात विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. दर दिवाळीला चिंच लावून तो घासायचे काम माझ्याकडे. असल्या बंबाने रामेश्वरची आग कशी विझणार, आणि विझवायचीच तर कढत पाण्याने का, हे कोडे मी वडिलांना घातले. वडील म्हणाले, “गाढवा, तो बंब वेगळा. आपल्या बंबात आग आत आणि पाणी बाहेर. त्या बंबात पाणी आत आणि आग बाहेर.” पुढे आयुष्यात पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण अग्निशमनाचे शास्त्र इतक्या थोडक्यात कुणी सांगितले नाही.

आता साठी उलटल्यावर त्या म्हणीतली खरी मेख माझ्या ध्यानात आली आहे. बंब रस्ता चुकत नाही. त्याला रामेश्वर चांगले ठाऊक असते. तो वेळेवर येतोसुद्धा. पण रामेश्वरच्या गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी गाडी उभी असते, ‘दोनच मिनिटं’ म्हणून लावलेली. मग बंब जिथे अडून राहतो, त्या जागेला सोमेश्वर म्हणतात. हे ज्ञान मला ग्रंथवाचनाने झालेले नाही. ते कसे झाले तेच सांगायचे आहे, आणि सांगताना थोडी लाजही वाटते आहे.

आमची गल्ली परभणीच्या जुन्या पेठेतली. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरांमध्ये ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे म्हणत असत म्हणे. म्हणजे वरिष्ठांशी जमले तर जमले, नाहीतर परभणीला बदली ठरलेली. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेले, आणि पुढे आम्ही ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी आमची स्वतःची म्हण काढून जुन्या म्हणीचे उट्टे काढले. गल्ली मात्र या दोन्ही म्हणी ऐकत जागच्या जागी आहे. ती पडली तेव्हा सगळ्यांत रुंद वाहन म्हणजे कापसाने भरलेली बैलगाडी. समोरून दुसरी आली तर कुणीतरी माघार घ्यायची, आणि ती कुणी घ्यायची हे बैल ठरवीत. बैल समजूतदार असल्यामुळे गल्ली कधी तुंबली नाही.

मग बैल गेले. गल्लीची रुंदी कागदावर पंधरा फूट आहे. कुणी तिच्यावर अतिक्रमण केले आहे असे मात्र समजू नका. अतिक्रमण नेहमी शेजारचा करतो; आपण फक्त सोय करतो. पहिल्यांदा घराला ओटा आला. ओट्यावर चढायला पायरी आली. स्कूटर चढवायला पायरीला उतार आला. नळ रोज येत नाही म्हणून ओट्याशेजारी टाकी आली, आणि टाकी आहे म्हटल्यावर तिच्यावर पत्र्याची सावली आली. परभणीचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला कूलरचे महत्त्व सांगायला नको. मार्च संपता संपता प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर एकेक कूलर येऊन बसतो, तो मृगाचा पाऊस पडल्याशिवाय हलत नाही. दोन्ही बाजूंचे कूलर समोरासमोर येऊन एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडतात. खाली तुळशीवृंदावन, सायकली, किराणावाल्या शेठजींची रिकामी पोती आणि एक कुणाचीच नसलेली बकरी. या सगळ्यांतून जी उरते तिला आम्ही गल्ली म्हणतो.

चार वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात अग्निशमन दलाचे एक जमादार हातात टेप घेऊन आमच्या गल्लीत आले. दर वर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. त्यांनी टेपचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे समोरच्या भिंतीपर्यंत नेले आणि विचारले,

“कामून हो साहेब, ही गल्ली किती फुटाची?”

“कागदावर का जमिनीवर?” मी म्हणालो.

“आमचा बंब जमिनीवरून चालतो,” जमादार म्हणाले.

जमिनीवर नऊ फूट भरली. बंब आठ फुटांहून थोडा जास्तच रुंद. म्हणजे उरलेल्या जागेत बंबवाल्यांनी श्वास रोखून धरला तर बंब जाऊ शकला असता. पण कूलर आणि बकरी यांनीही श्वास रोखायला हवा होता.

जमादारांना चहा झाला. चहाबरोबर त्यांनी हा सप्ताह 14 एप्रिललाच का सुरू होतो ते सांगितले. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत दारूगोळा होता आणि त्याच्याबरोबर कापसाच्या गाठीही. दुपारी दोन प्रचंड स्फोट झाले, आणि आग विझवायला गेलेले 66 जवान त्यात गेले. “कापूस म्हणजे काय, हे परभणीच्या माणसाला काय सांगावं?” जमादार म्हणाले. खरेच होते. मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये ज्याने कापसाची आग एकदा पाहिली आहे त्याला ठाऊक असते, की ती वरून विझते आणि आतून चालूच राहते. दोन दिवसांनी पुन्हा डोके वर काढते. एखाद्या जुन्या भाऊबंदकीसारखी.

त्या रात्री मारुतीच्या पारावर गल्लीची बैठक भरली. आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी सगळे कायदे पाठ करून आणले होते. त्यांनी सांगितले, की महाराष्ट्रात 2006 सालचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे आणि त्यात पहिली जबाबदारी मालकाची किंवा वहिवाटदाराची आहे. हे ऐकून सगळ्यांची निराशा झाली. कायदा म्हटला की जबाबदारी सरकारची असते, अशी आमची चालत आलेली समजूत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींभोवती बंबाला फिरायला सहा मीटर मोकळी जागा सांगितली आहे, म्हणजे वीस फुटांच्या घरात. “आपली घरं उंच नाहीत,” शेठजी म्हणाले. “खरं आहे,” वकीलसाहेब म्हणाले, “पण घर बुटकं आहे म्हणून बंब काही बारीक होऊन येत नाही.” बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकाला 2019 च्या दुरुस्तीपासून दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि आग विझवायच्या पाण्याचा जो नळ रस्त्यावर असतो, ज्याला हायड्रंट म्हणतात, तो अडेल अशी गाडी लावायची नाही, हे तर 1989 च्या नियमांतच होते.

“हा नळ कुठंय आपल्याकडं?” तलाठीकाकांनी विचारले. ते निवृत्त तलाठी, त्यामुळे कुठली गोष्ट कुठे आहे हे विचारायची त्यांना सवय.

“आधी घरातल्या नळाचं बघा,” मागून बायकांतून आवाज आला, आणि तो विषय तिथेच संपला.

शेवटी असे ठरले, की गल्लीच्या मधोमध दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवायचा, दोन्ही बाजूंना पिवळ्या रेघा मारायच्या, तोंडाशी पाटी लावायची. कूलर वर चढवायचे, पोती आत घ्यायची, बकरीबद्दल चौकशी करायची. या सगळ्याचा चिटणीस मला करण्यात आले. कारण माझे अक्षर बरे आहे.

पाटी मीच रंगवली. ‘बंबाचा रस्ता. येथे वाहन उभे करू नये.’ रेघाही झोकात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो, तर दोन रेघांच्या बरोबर मधे पाच मोटारसायकली, शिस्तीत, एका रांगेत! गल्लीच्या इतिहासात वाहने इतकी सरळ कधी उभी राहिली नव्हती. “काका, लई भारी केलं,” एक पोरगा म्हणाला. “गाड्या लावायला जागाच नव्हती.”

पट्टा कशासाठी आहे हे सगळ्यांना मान्य होते. बंब येणार म्हटल्यावर कुणीही तो रिकामा करून दिला असता. पण बंब रोज येत नाही, आणि जागा तर रोज रिकामी दिसते. आपल्याकडे रिकामी जागा म्हणजे मालक नसलेले ताट. एप्रिलच्या शेवटी बायकांनी पट्ट्यावर कुरडया घातल्या, कारण एवढी झाडलेली, सारखी, उन्हातली जागा दुसरी नाही. पोरांनी पिवळ्या रेघा क्रिकेटच्या हद्दी म्हणून मान्य केल्या. कांदेवाल्याची हातगाडी दोन तास तिथेच उभी राहू लागली. गिऱ्हाइकाला पत्ता सांगायला सोपे, ‘पिवळ्या रेघांजवळ’. आणि एका उगवत्या नेत्याच्या वाढदिवसाचा फलक माझ्या पाटीवर असा बसला, की खाली फक्त ‘करू नये’ एवढेच दिसत राहिले. त्या फलकाला एवढा चांगला अभिप्राय दुसरा कुणी दिला नसेल.

हटकले की सगळ्यांचे उत्तर एकच. “दोनच मिनिटं!” परभणीत दोन मिनिटे म्हणजे किती, याचा मी तेव्हा बराच अभ्यास केला. दूध घ्यायची दोन मिनिटे म्हणजे दहा मिनिटे. शेठजींकडून किराणा घ्यायची दोन मिनिटे म्हणजे अर्धा तास. सासुरवाडीला आलेल्या जावयाची दोन मिनिटे म्हणजे मुक्काम.

असा अभ्यास चालू असतानाच मी एक जुनी मोटार घेतली. लहानशीच. ती उभी करायला गल्लीत कुठे जागा असणार? एकच होती: तोंडाशी, माझ्या पाटीच्या पायथ्याशी. तिथे पाटीच्या धाकाने दुसरे कुणी चारचाकी लावत नव्हते. मी मनाशी विचार केला, मी स्वतः चिटणीस. घर दहा पावलांवर. चावी खुंटीवर. बंबाचा भोंगा ऐकू आला की अर्ध्या मिनिटात गाडी हलवीन. लोकांची दोन मिनिटे, माझे अर्धेच. एवढा फरक चिटणिसाने ठेवायलाच हवा.

त्याच मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर आग पाखडणारे ऊन, आणि आत तलाठीकाकांच्या माडीवर खरीच आग. कूलरची तार तापून पेटली आणि शेजारी रचलेल्या गाद्यांनी ती घेतली. पुन्हा कापूसच. तलाठीकाकांचे घर जुने, वर माळवद. सागाच्या तुळया, किलच्या, वर माती. माडीवर काकांची आई. तिला सगळी गल्ली माई म्हणते. वय नव्वदीकडे झुकलेले, गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

आमच्या हिने 101 फिरवला. तिला पलीकडून पत्ता विचारला, काय पेटले आहे ते विचारले आणि गल्लीत गाडी येईल का तेही विचारले. “येईल की,” ती अभिमानाने म्हणाली, “आमचे हेच चिटणीस आहेत!”

बंब आला. इतक्या लवकर आला की माझा विश्वास बसेना. लाल, भला मोठा, भोंगा वाजवत. गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. समोर माझी मोटार.

मी खुंटीकडे धावलो. खुंटीवर चावी नव्हती. चावी पँटच्या खिशात होती, पँट इस्त्रीला गेली होती, आणि इस्त्रीवाला दुपारचा झोपायला घरी गेला होता. मी भर उन्हात अनवाणी त्याच्या घराकडे पळत सुटलो. पाठीमागून भोंग्याचा आवाज येत होता. त्या पळण्यात मला माझ्या पाटीवरचे एकेक अक्षर दिसत होते. वळणदार होते.

चावी घेऊन परत आलो तेव्हा गल्लीतल्या बाराजणांनी मोटार उचलून शेठजींच्या पायऱ्यांवर तिरकी ठेवली होती. जवान त्याआधीच नळीवर नळी जोडत, कूलर चुकवत, आत पळाले होते. चार पोरांनी माईला बाजेसकट जिन्यावरून खाली आणले होते. मग बंब आत गेला. बकरी स्वतःहून बाजूला झाली. तिच्यातले ते बैलांच्या काळचे वळण होते.

आग विझली. माणूस कुणी गेले नाही. गाद्या गेल्या, कूलर गेला. मी जमादारांना विचारले, “किती वेळ गेला हो माझ्यामुळं?” ते म्हणाले, “घड्याळ कोण बघतंय साहेब? आम्ही आलो तवा एक तुळई पेटली होती. आत गेलो तवा दोन.” एवढे बोलून त्यांनी पाटीकडे पाहिले. “अक्षर छान आहे,” ते म्हणाले. मला वाटते ते मनापासूनच म्हणाले असावेत. म्हणून जास्त लागले.

तलाठीकाका मला एका शब्दाने बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो. ते नुसते जळक्या तुळईवर हात फिरवत बसले होते. त्यांच्या आजोबांनी ती तुळई बैलगाडीतून आणली होती, याच गल्लीतून.

दुसऱ्या दिवशी माईला भेटायला गेलो. ती बाजेवर बसून सुपारी कातरत होती.

“ये रे,” ती म्हणाली. “काल मजाच झाली बघ. मला पोरं बाजेवरून नेऊ लागले, अन् समोर पाहिलं तर बाराजण काहीतरी खांद्याला लावून चाल्लेले. मी म्हणलं, मला चार माणसं अन् त्याला बारा! आपल्या गल्लीत माझ्यापेक्षा मोठं कोण गेलं म्हणावं?”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसू घशात अडकल्यासारखे झाले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची गोष्ट मला ठाऊक होती. 13 जून 1997 ची दुपार, खाली वाहनतळात ट्रान्सफॉर्मर पेटलेला, भोवती दाटीने लावलेल्या मोटारी, वर धूर, आणि भर रहदारीतून वाट काढणारे बंब. 59 माणसे गेली. त्या मोटारी लावणारे काही दुष्ट लोक नव्हते. तुमच्या-माझ्यासारखे होते. गाडी लावून, चावी खिशात टाकून, सिनेमा बघायला वर गेले होते.

आमच्या गल्लीत तेव्हापासून वेळ तुळईत मोजतात. कुणी “दोनच मिनिटं” म्हणाला की शेठजी गल्ल्यावरून ओरडतात, “दोन मिनिटं म्हणजे एक तुळई! चल, काढ!” कूलर खरोखरच वर चढले. टाक्या मागच्या अंगणात गेल्या. कुरडया गच्चीवर गेल्या, त्यासाठी मात्र गच्चीची चावी बायकांच्या ताब्यात द्यावी लागली. माझी मोटार तिकडे लांब मैदानावर उभी असते. तिच्यापर्यंत चालत जायला मला दहा मिनिटे लागतात, आणि डॉक्टर म्हणतात की त्यानेच माझी साखर आटोक्यात आहे. मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला होता. तलाठीकाकांनीच तो फेटाळला. “याच्याइतकी चांगली राखण दुसरं कोण करणार?” ते म्हणाले. “याला चटका बसलेला आहे.”

संध्याकाळी मी ओट्यावर खुर्ची टाकून त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत बसतो. पोरे मला बंबकाका म्हणतात. लग्नाच्या पंगतीत एखाद्या मानाच्या पाहुण्यासाठी पाट राखून ठेवतात, तसा तो पट्टा आहे. फरक एवढाच, की हा पाहुणा कधी येऊ नये अशी सगळ्यांची प्रार्थना असते, आणि तरी पाट मोडता येत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये जमादार पुन्हा टेप घेऊन आले. मी उत्साहाने एक टोक धरले.

“किती फूट, साहेब?” त्यांनी विचारले.

“जमिनीवर तेरा!” मी म्हणालो. “दोन फूट ओट्यांनी खाल्ले, ते आता निघणार नाहीत. बाकी सगळी मोकळी.”

त्यांनी टेप ताणली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेले, मान डोलावत गेले. माझ्या दाराशी येऊन टेप थोडी वाकली. जमादारांनी खाली पाहिले. मीही पाहिले. माझ्या ओट्याची खालची पायरी पिवळ्या रेघेच्या वर अर्धा फूट आली होती. रेघ मारताना मीच ती जरा वळवून घेतली असणार.

जमादार काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, “दोनच मिनिटं थांबा,” आणि पहार आणायला आत गेलो.